ईएन ८ ला ३०४ जोडताना: फ्रिक्शन वेल्डचं सेटिंग आणि सांध्याची खरी तपासणी

साखर कारखान्याच्या रस-पंपाचा शाफ्ट अख्खा स्टेनलेसचा केला तर परवडत नाही आणि अख्खा ईएन ८ या साध्या कार्बन स्टीलचा केला तर तो गंजतो. म्हणून रसाला लागणारं टोक ३०४ या स्टेनलेसचं, मोटरकडचा लांब भाग ईएन ८ चा आणि मध्ये फ्रिक्शन वेल्ड (एक तुकडा फिरवत दुसऱ्यावर दाबायचा आणि घासण्याच्या उष्णतेनेच दोन्ही जोडायचे), असा मार्ग निघतो. कोल्हापुरात शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या पंचतारांकित वसाहतीत काम करणाऱ्याला अशा दोन जातींच्या स्टीलच्या सांध्याशी कधी ना कधी गाठ पडतेच. पंपाचा शाफ्ट नसेल तर हायड्रॉलिक सिलिंडरचा रॉड असतो, इंजिनाचा व्हॉल्व्ह असतो, नाहीतर हायस्पीडचं तोंड आणि साध्या स्टीलची शँक असलेलं ड्रिल असतं.

सांधा जमतो. अडचण येते ती तपासणीत. लॅबचा रिपोर्ट येतो, "पॅरेंट मेटलमध्ये (म्हणजे सांध्यात नव्हे, मूळ बारमध्ये) तुटला, समाधानकारक", आणि सगळे खूश होतात. एकाच जातीच्या स्टीलला हा शेरा बऱ्यापैकी पुरतो, दोन जातींना पुरत नाही. ओढताना दोघांतला कच्चा गडी आधी ताणतो आणि तुटतो. सांध्यावर त्याच्या ताकदीएवढाच भार आला, एवढंच त्यावरून कळतं. शिवाय सांध्यात अगदी पातळ मऊ थर तयार झाला असेल, तर दोन्ही बाजूंचं कडक स्टील त्याला आडवं आकसू देत नाही आणि तो ओढण्याच्या चाचणीत आहे त्यापेक्षा ताकदवान भासतो. तोच सांधा वाकवला किंवा त्याला दणका दिला की उघडा पडतो. पंपाच्या शाफ्टला ओढत कुणी नाही. त्याला पिळणारा भार आणि मिनिटाला दीड हजार वेळा उलटसुलट होणारा वाकवणारा भार झेलायचा असतो.

खालची सगळी मांडणी २५ मिमी व्यासाच्या ईएन ८ आणि ३०४ बारसाठी, चालू ड्राइव्हच्या, म्हणजे ब्रेक लागेपर्यंत मोटर स्पिंडल फिरवत राहते अशा मशीनवर (फ्लायव्हीलच्या नव्हे) केलेली आहे. व्यास बदलला तर हिशोब त्याच रीतीने पुन्हा मांडायचा.

माल आधी ओळखा

ईएन ८ मध्ये कार्बन ०.३५ ते ०.४५ टक्के. ३०४ मध्ये जास्तीत जास्त ०.०८ टक्के, पण क्रोमियम १८ च्या आसपास आणि निकेल ८ च्या वर. पुढची बरीचशी भानगड या दोन ओळींतूनच निघते. कार्बनला क्रोमियमची ओढ असते, त्यामुळे सांधा तापला की ईएन ८ मधला कार्बन स्टेनलेसकडे सरकायला बघतो. जिथून तो गेला तिथे फेराइटचा (जवळजवळ कार्बन नसलेल्या लोखंडाचा) मऊ पट्टा राहतो आणि जिथे पोचला तिथे क्रोमियम कार्बाइडची कडक, ठिसूळ रेघ तयार होते. जितका वेळ तापेल तितकं हे वाढतं. फ्रिक्शन वेल्ड काही सेकंदांत उरकतो, म्हणूनच तो या जोडीला मानवतो.

दुसरी गोष्ट उष्णतेची. ३०४ उष्णता ईएन ८ च्या साधारण एक तृतीयांश वेगाने वाहून नेतं आणि तापल्यावर जवळजवळ दीडपट प्रसरण पावतं. वरून लाल झालेल्या अवस्थेतही ते ईएन ८ पेक्षा ताठ राहतं. त्यामुळे फ्लॅश (सांध्यातून बाहेर दाबला गेलेला धातू) बहुधा ईएन ८ च्या बाजूला मोठा येतो आणि ३०४ च्या बाजूला आखूड. तो तसा असमान आला म्हणून सेटिंग चुकलं असं समजू नका.

स्टेनलेसच्या बारची खात्री स्पेक्ट्रोवरच (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्रावर) करून घ्या. २०२ सुद्धा चुंबकाला चिकटत नाही, तेव्हा चुंबक लावून "३०४ च आहे" म्हणण्यात अर्थ नाही. फाउंड्र्यांमुळे कोल्हापुरात स्पेक्ट्रो हाताशी आहे, त्याचा फायदा घ्या. ईएन ८ च्या ढिगात ईएन ९ (जास्त कार्बनचा) किंवा ईएन २४ (मिश्रधातूचा) मिसळला असेल तर सांध्याशेजारी भलताच कडक पट्टा येईल. ग्राइंडरवरच्या ठिणग्यांवरून जाणता माणूस अंदाज बांधतो, पण लॉटमागे एक स्पेक्ट्रो करावाच.

फ्री-कटिंग स्टील या कामाला घेऊ नका. ईएन १ए मध्ये किंवा ३०३ मध्ये मशीनिंग सोपं जावं म्हणून गंधक वाढवलेलं असतं. बारमध्ये त्याच्या सल्फाइडच्या तारा लांबीच्या दिशेने असतात तोवर फार बिघडत नाही. फ्रिक्शन वेल्डमध्ये धातू मधून बाहेर वळतो, त्याबरोबर या ताराही वळतात आणि सांध्याच्या पातळीत आडव्या झोपतात. मग वाकवताच सांधा पापुद्र्यासारखा सुटतो. टर्नर खूश होईल म्हणून खरेदीवाल्याने ३०३ आणलं, असं होऊ शकतं. ड्रॉइंगवर ग्रेड ठळक लिहा.

गावात हमखास येणारा आणखी एक प्रश्न: आपल्याच फाउंड्रीतलं कास्टिंग असं जोडता येईल का? कास्ट आयर्नमधलं ग्रॅफाइट घासताना वंगणाचं काम करतं. पुरेशी उष्णता तयार होत नाही, झाली तरी सांध्यात ग्रॅफाइट पसरतं. नेहमीच्या सेटिंगने ते जमत नाही, नाद सोडा.

सांधा कुठे घ्यायचा

हा निर्णय ड्रॉइंगवर होतो आणि नंतर कुठल्याही सेटिंगने सुधारत नाही. सांधा रसात किंवा पाण्यात येऊ देऊ नका. स्टेनलेसला खेटून असलेलं ईएन ८ ओल्या जागी नेहमीपेक्षा वेगाने गंजतं. म्हणून सांधा ग्लँडच्या किंवा सीलच्या कोरड्या बाजूला घ्या. इंपेलर टांगता, म्हणजे बेअरिंगच्या बाहेर लटकता असेल तर वाकवणारा भार इंपेलरजवळच्या बेअरिंगपाशी सर्वांत जास्त असतो, तिथेही सांधा नको. स्टेप, कीवे, सर्क्लिपची खाच यांपासून किमान एका व्यासाएवढं अंतर ठेवा. डिझाइनवाला "जागाच नाही" म्हणाला तर स्टेनलेसचा भाग लांब करा. तेवढा पैसा वाचवण्यात राम नाही.

लांबीचा हिशोब आधीच धरा. २५ मिमीच्या या जोडीत दोन्ही मिळून साधारण ५ ते ७ मिमी लांबी फ्लॅशमध्ये जाते. ट्रायल होईपर्यंत तुकडे प्रत्येकी ५ मिमी जास्तीचे कापा.

तोंडं आणि पकड

एकाच जातीच्या स्टीलला करवतीने कापलेलं तोंड चालून जातं, कारण घासताना ते स्वतःच सपाट होतं. इथे दोन्ही तोंडं लेथवर फेसिंग करून घ्या. तोंड अक्षाला काटकोनात असावं. एका कडेला आधी टेकलं तर तिथेच उष्णता साठते आणि समोरची कड थंड राहते. सेंटर ड्रिलचं भोक ठेवायचं नाही. त्यात हवा आणि घाण अडकते आणि सांध्याच्या मध्यभागी न जुळलेली जागा राहते. फेसिंग करताना मध्ये उरणारी बोंडीही काढा. स्केल, गंज, क्रोम प्लेटिंग, नायट्रायडिंग किंवा केस हार्डनिंगचा थर यातलं काहीही जुळणाऱ्या तोंडावर नको. शेवटी अ‍ॅसिटोनने पुसा. कूलंटचा ओलावा राहिला तर पहिले एक-दोन सेकंद तोंडं नुसती घसरतात.

आखूड तुकडा फिरता आणि लांब तुकडा स्थिर ठेवा. जॉच्या (चकच्या पकडीच्या) बाहेर तुकडा साधारण एका व्यासाएवढाच निघू द्या. जास्त निघाला तर तो अपसेटच्या, म्हणजे शेवटच्या जोरदार दाबाच्या वेळी वाकतो. मागे पक्का स्टॉपर हवाच, नुसत्या जॉच्या पकडीवर साडेसात टन पेलत नाहीत. दोन्ही तुकडे बांधल्यावर डायल लावून रनआउट, म्हणजे फिरताना किती डुलतं ते, बघा. ०.२ मिमीच्या आत असेल तर उत्तम.

आकडे बसवणे

ऑपरेटर मशीनवर गेजचा दाब बघतो आणि तांत्रिक माहितीत दिलेला असतो सांध्यावरचा दाब. या दोघांची गल्लत झाली की सगळं कोसळतं. हिशोब एकदा कागदावर मांडून मशीनला चिकटवून ठेवा.

२५ मिमी बारचं क्षेत्रफळ ४९१ चौरस मिमी. सुरुवात घर्षणाला ७० मेगापास्कल आणि अपसेटला १५० मेगापास्कलने करा. म्हणजे घर्षणाचा जोर सुमारे ३४ किलोन्यूटन, साडेतीन टन. अपसेटचा जोर सुमारे ७४ किलोन्यूटन, साडेसात टन. मशीनच्या सिलिंडरचा बोअर १२५ मिमी असेल तर त्याचं क्षेत्रफळ १२,२७२ चौरस मिमी. तेव्हा गेजवर घर्षणाला सुमारे २८ बार आणि अपसेटला ६० बार दिसले पाहिजेत. स्लाइड जड असेल किंवा गाइडवे कोरडे असतील तर यातला काही जोर वाटेतच खर्च होतो. शक्य असेल तर लोडसेल घालून एकदा पडताळा.

साध्या कार्बन स्टीलची आपसातली जोडी याहून कमी दाबातही होते, घर्षणाला ३० ते ६० आणि अपसेटला ७५ ते १५० मेगापास्कल. स्टेनलेस किंवा जास्त मिश्रधातूचं स्टील आलं की दाब वर न्यावा लागतो. ईएन ८ ला ईएन ८ जोडायचं जुनं सेटिंग तसंच ठेवून एका बाजूला ३०४ बांधलं, तर बाहेरून सांधा झकास दिसेल आणि आतून कच्चा राहील.

वेग १५०० आरपीएम. कडेचा वेग त्याने सेकंदाला सुमारे १.९६ मीटर होतो आणि स्टीलला तो चांगला आहे. ध्यानात ठेवा, मध्यबिंदूचा वेग शून्यच असतो. तिथली उष्णता कडेकडून आत यायला लागते, म्हणून आरपीएम किंवा वेळ कमी पडला की पहिला फटका मध्यभागाला बसतो.

क्रम असा ठेवा:

१. सॉफ्ट स्टार्ट. २० मेगापास्कलच्या आसपास, म्हणजे या मशीनवर गेजचे ८ बार, एक ते दोन सेकंद. तोंडं घासून साफ होतात आणि एकमेकांवर बसतात. हा टप्पा गाळला की बेल्ट ओरडतो आणि चक घसरतो.

२. मुख्य घर्षण. २८ बार. वेळेवर थांबवण्यापेक्षा बर्न-ऑफवर थांबवा, म्हणजे लांबी ३ ते ४ मिमी खाल्ली गेली की पुढचा टप्पा. वेळ साधारण ८ ते १२ सेकंद लागतो. फक्त टायमरवर चालवलं तर बारच्या तोंडाची किंवा कडकपणाची थोडी कमीजास्त अवस्थाही सांध्यात उतरते.

३. ब्रेक. स्पिंडल अर्ध्या सेकंदाच्या आत थांबला पाहिजे.

४. अपसेट. ६० बार, ५ ते ६ सेकंद धरून ठेवा. तापलेला ऑक्साइड आणि कार्बाइडची रेघ फ्लॅशमध्ये बाहेर ढकलण्याचं काम इथेच होतं. यात आणखी २ ते ३ मिमी जातात.

ब्रेक आणि अपसेट यांचा मेळ फार नाजूक असतो. अपसेट उशिरा आला तर तोंड गार होऊन जातं. स्पिंडल जोरात फिरत असतानाच आला तर नुकतं जुळलेलं पिळवटून फाटतं. ब्रेकचं लायनिंग झिजलं की हा मेळ हळूहळू सरकतो आणि सेटिंगला हात न लावता सांधे बिघडू लागतात.

पहिला निकाल: मोडून बघा

लॅबला पाठवण्याआधी एक तुकडा शॉपमध्येच मोडा. फ्लॅश लेथवर काढा, सांध्यावर चहूबाजूंनी हॅकसॉने दोन ते तीन मिमी खोल खाच घ्या, तुकडा व्हाइसमध्ये धरा आणि पाइप घालून वाकवून मोडा. प्रेस असेल तर उत्तम.

मग मोडलेलं तोंड दिव्याखाली तिरपं धरून बघा. राखाडी, खरबरीत, तंतूंसारखा ओढलेला पोत सगळीकडे असेल तर जुळणी झाली आहे. सपाट, चकचकीत जागा आणि तिच्यावर ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या बारीक गोल रेघा दिसल्या, तर तिथे धातू फक्त घासला गेला, जुळला नाही. हा चकचकीत ठिपका मधोमध असेल तर घर्षण कमी पडलं, बर्न-ऑफ अर्धा मिमी वाढवा. एकाच कडेला चंद्रकोरीसारखा असेल तर तोंड काटकोनात नव्हतं किंवा रनआउट आहे, दाब वाढवून तो जाणार नाही. निळसर-काळी झाक दिसली तर तेल किंवा स्केल आत राहिलं. सगळं तोंड सपाट आहे पण रेघा नाहीत, रंग मंद करडा आणि तुकडा न वाकता खटकन तुटला, तर कार्बाइडच्या रेघेवरून तुटला असण्याची शक्यता मोठी. म्हणजे घर्षण जास्त झालं आणि अपसेट कमी पडला.

या शेवटच्या प्रकारात बहुतेक जण चुकीच्या दिशेने जातात. सांधा कच्चा वाटला म्हणून वेळ आणखी वाढवतात आणि रेघ आणखी जाड होते. वेळ कमी करा, अपसेटचा दाब वाढवा. एका वेळी एकच आकडा बदला, नाहीतर कशाने काय झालं ते कधीच कळत नाही.

लॅबला काय पाठवायचं आणि काय मागायचं

एका सेटिंगचे सात तुकडे करा: दोन टेन्साइलला (ओढण्याला), एक बेंडला (वाकवण्याला), एक हार्डनेस आणि मायक्रोला (कडकपणा आणि सूक्ष्मदर्शकाखालची रचना), तीन इम्पॅक्टला (दणक्याला). प्रत्येक तुकड्यावर कुठली बाजू कुठल्या स्टीलची ते पंच करा. मशीनिंगनंतर दोन्ही पांढरेच दिसतात. गॅस कटिंग नको, पाण्याच्या धारेखाली करवतीने कापा.

टेन्साइल आयएस १६०८ प्रमाणे. एक नमुना टर्निंग करून १० मिमी व्यास, ५० मिमी गेज, सांधा बरोबर मधोमध. दुसरा पूर्ण २५ मिमीचा, फक्त फ्लॅश काढलेला. दोन्ही लागतात. टर्निंग केलेला नमुना फक्त गाभा तपासतो, कड त्यात चिप्समध्ये निघून जाते. फ्लॅशच्या मुळाशी असलेला दोष त्यामुळे रिपोर्टमध्ये कधीच येत नाही. पूर्ण बारला ३०४ च्या किमान ५१५ मेगापास्कलने २५३ किलोन्यूटन लागतात, प्रत्यक्षात बार त्याहून थोडा पुढे जातो, तरीही ४० टनी यूटीएमवर (ओढून तोडण्याच्या यंत्रावर) हे काम होतं. (यूटीएम आपल्याकडे इचलकरंजीजवळ यड्रावला बनतात, त्यामुळे जवळपासच्या लॅबमध्ये त्यांची वानवा नाही.) १० मिमीच्या नमुन्याला तोच आकडा ४० किलोन्यूटनच्या थोडा वर येतो.

या रिपोर्टमधला इलाँगेशनचा (तुटेपर्यंत लांबण्याचा) आकडा सोडून द्या. ३०४ चा किमान यील्ड (कायमचं ताणू लागण्याची पातळी) २०५ मेगापास्कल, ईएन ८ चा सहसा त्याहून वर. त्यामुळे आधी ३०४ ची बाजू लांबते आणि ईएन ८ जवळजवळ तशीच राहते. आलेली टक्केवारी कुठल्याच एका धातूची नसते. ३०४ चा बार कोल्ड-ड्रॉन (थंड ओढून कडक केलेला) असेल तर वेगळंच होतं: वेल्डच्या उष्णतेने ३०४ चा कडकपणा सांध्याशेजारी उतरतो आणि तुकडा तिथेच मान बारीक करून तुटतो. ताकदीचा आकडा मिळाला तरी तुटला कुठे, सांध्यापासून किती मिमीवर आणि कुठल्या बाजूला, हे लिहून मागा. तिसरा तुकडा परवडत असेल तर सांध्यावरच गोल खाच घेऊन ओढायला सांगा. खाचेमुळे तुटायची जागा सांध्यावरच येते आणि उत्तर सांध्याचं मिळतं.

बेंडसाठी बारच्या मधून उभी पट्टी काढा, १० मिमी जाड, २० मिमी रुंद, म्हणजे केंद्र पट्टीत येतं. मँड्रेल ४० मिमीचा. साध्या तीन-बिंदूच्या बेंडमध्ये पट्टी मऊ बाजूला वाकते आणि सांधा सरळच राहतो, मग "पास" लिहून येतं. म्हणून मँड्रेलभोवती गुंडाळत नेणारा बेंड मागा आणि वाकल्यावर सांधा खरंच वळणात आहे का ते पाहा. ९० अंशांपर्यंत सांध्याच्या रेषेवर भेग नको.

इम्पॅक्ट आयएस १७५७ प्रमाणे, १० बाय १० बाय ५५ मिमी, २ मिमी खोल व्ही-नॉच. नॉचची जागा अंदाजाने घेतली तर पैसे वाया. तुकडा घासून २ टक्के नायटल (अल्कोहोलमधलं नायट्रिक आम्ल) लावा. ईएन ८ काळवंडतो, ३०४ चमकतच राहतो, रेष स्पष्ट उमटते. तिच्यावर नॉच घ्या. आलेला आकडा ३०४ शी ताडून बघू नका, त्याची टफनेस फार वरची असते. मूळ ईएन ८ च्या बारचे तीन तुकडे त्याच दिवशी त्याच मशीनवर मोडून त्यांच्याशी ताडा. सांध्याचा आकडा त्याच्या निम्म्याहून खाली गेला तर सेटिंग पुन्हा बघा, टेन्साइलने काहीही सांगितलं असलं तरी.

हार्डनेसचा आलेख मात्र सगळ्यांत बोलका. व्हिकर्स, अर्धा किलो भार, सांध्यापासून दोन्ही बाजूंना ५ मिमीपर्यंत, ठशांत ०.२५ मिमी अंतर. २०० एचव्ही (व्हिकर्स आकडा) कडकपणाच्या धातूवर ठशाचा कर्ण ०.०६८ मिमी येतो आणि दोन ठशांत किमान तीन कर्णांचं अंतर लागतं, त्यामुळे याहून जवळ जाता येत नाही. पण मऊ पट्टा याहून बारीक असू शकतो आणि दोन ठशांच्या मधून निसटतो. सांध्यालगत शंभर ग्रॅम भारावर तिरप्या रेषेत ठसे घ्यायला सांगा. अशा रेषा तीन हव्यात: केंद्रातून, अर्ध्या त्रिज्येवर आणि कडेजवळून. केंद्र आणि कड यांचे आलेख एकसारखे नसतात.

वाचायचं असं. ईएन ८ मुळात साधारण १८० ते २२०. सांध्याशेजारी २८० ते ३५० पर्यंत चढला तर नेहमीचं. ४५० च्या वर गेला तर तिथे मार्टेनसाइट (झटकन गार झालेल्या स्टीलची कडक, ठिसूळ रचना) आहे: बारमध्ये कार्बन जास्त असेल किंवा तुकडा गरम असतानाच कुणी पाण्यात बुडवला असेल. चढाच्या आधी अगदी रेषेला लागून एकदम खड्डा दिसला आणि लगेच पलीकडे ३०४ मध्ये टोक, तर कार्बन सरकला आहे. चढाचा पट्टा रुंद आणि उतरता असेल तर घर्षण लांबलं.

अल्ट्रासॉनिकवर फार विसंबू नका. नुसता चिकटलेला, न जुळलेला सांधा लहरींना बऱ्याचदा पार जाऊ देतो. मोठी फट असेल तरच ती हमखास सापडते.

टेम्परिंग करायचं का?

ईएन ८ आणि ३०४ च्या या जोडीला, हार्डनेस ३५० च्या आत असेल तर, टेम्परिंग (वेल्डनंतर पुन्हा तापवून कडकपणा उतरवणं) करू नका. सवयीने ६५० अंशांवर दोन तास ठेवलेला सांधा कार्बनला सरकायला दोन तास देतो. शिवाय ३०४ साठी ४५० ते ८५० अंशांचा पट्टा वाईट, क्रोमियम कार्बाइड कणांच्या सीमेवर बसतो आणि गंजरोधकपणा जातो. तापवणं टळतच नसेल तर ०.०३ टक्के कार्बनचं ३०४एल घ्या आणि वेळ कमीत कमी ठेवा.

ईएन १९ किंवा ईएन २४ सारखं मिश्रधातूचं स्टील आलं की गणित उलटं फिरतं. यांना हवेतच पाणी चढतं, म्हणजे नुसत्या हवेत गार होतानाही ती कडक होतात. बारचा थंड भाग उष्णता खेचतो आणि सांध्यालगत ६०० एचव्हीच्या आसपासचा मार्टेनसाइट तयार होतो. टेबलावर ठेवलेला तुकडा रात्रीत तडकू शकतो. राखेत किंवा व्हर्मिक्युलाइटमध्ये गार होऊ द्या आणि त्याच पाळीत ५५० ते ६०० अंशांवर टेम्पर करा, दर २५ मिमी जाडीला एक तास. फ्लॅश त्यानंतरच काढा, आधी काढायला गेलात तर इन्सर्टचे तुकडे होतील. ईएन २४ ला ३०४ जोडायची वेळ आली तर एकाला टेम्परिंग हवं आणि दुसऱ्याला नको, अशी कात्री असते. तिथे ३०४एल घेऊन टेम्परिंग एका तासात उरकणं हाच व्यवहार्य मार्ग. मध्ये निकेलची चकती घालूनही कार्बन अडवता येतो, पण एकाऐवजी दोन वेल्ड करावे लागतात आणि खर्च वाढतो.

ड्रिलच्या कामात हायस्पीड स्टील तर गारच होऊ द्यायचं नाही. मशीनवरून लालसर असतानाच ७०० अंशांच्या आसपासच्या भट्टीत टाका, बॅच पूर्ण झाल्यावर एकत्र अ‍ॅनीलिंग करा. भट्टी मशीनपासून लांब असेल तर हे काम घेऊ नये.

फ्लॅश आणि फटीग

फ्लॅशची कॉलर जिथे बारला टेकते तिथे निसर्गतःच एक तीक्ष्ण खाच असते. शाफ्ट फिरू लागला की फटीगची (पुन्हा पुन्हा भार येऊन पडणारी) भेग तिथूनच निघते. फ्लॅश काढताना टर्नर बारच्या व्यासाबरोबर थांबला तर खाचेचं मूळ राहू शकतं. म्हणून बार २५ मिमीचा घेऊन फिनिश व्यास २३ ठेवा, म्हणजे कड एक मिमीने खाली जाते. टूलच्या रेघा सांध्यावर नकोत, शेवटी पॉलिश पेपर लांबीच्या दिशेने मारा. नळीला नळी जोडली असेल तर आतला फ्लॅश राहतो. तो बोअरिंग करून काढता येत नसेल तर त्या जॉबला उलटसुलट वाकवणारा भार येणार नाही याची खात्री करा.

रोजच्या उत्पादनात

सेटिंग पक्कं झाल्यावर प्रत्येक जॉबची वेल्डनंतरची लांबी मोजा. सगळ्यांत स्वस्त तपासणी हीच. सुरुवातीचे तुकडे एकाच लांबीचे कापलेले असतील तर वेल्डनंतरची लांबी ±०.५ मिमीच्या बाहेर गेलेला जॉब बाजूला काढा. लांबी जास्त राहिली म्हणजे धातू कमी खाल्ला गेला: तोंडाला तेल, दाब उतरलेला, किंवा तुकडा जॉमध्ये मागे सरकलेला. मागे सरकला असेल तर जॉच्या खुणा लांबट ओरखड्यांसारख्या दिसतात. थंडीत पहिल्या पाळीच्या सुरुवातीला हायड्रॉलिक तेल जाड असतं आणि दाब उशिरा चढतो. मशीन पंधरा मिनिटं रिकामं फिरवून मगच जॉब बांधा.

पाळीच्या सुरुवातीला एक, मध्यावर एक आणि शेवटी एक जॉब खाच घेऊन मोडा. जॉ बदलले, ब्रेकला हात लावला, बारचा हीट नंबर (स्टीलच्या ओतीचा क्रमांक) बदलला, तर आणखी एक. मोडलेल्या तुकड्यात चकचकीत जागा दिसली तर आधीचा चांगला तुकडा मोडला होता तिथपासूनचे सगळे जॉब लाल रंग मारून थांबवा. त्यांतला शेवटचा आणि मधला मोडून बघा आणि बिघाड कुठून सुरू झाला ते शोधा. म्हणून जॉबवर अनुक्रमांक हवा आणि तो फ्लॅश काढल्यावरही राहील अशा टोकावर हवा.